गाडी तापवणारे साडू

या देशातला मोटारसायकलींचा उद्योग आमच्या साडूंनी लालबागच्या चाळीत बसून वाढवला, असा त्यांचा ठाम समज आहे आणि तो खोडून काढण्याची ताकद आता माझ्यात उरलेली नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळी नोकरी शिवडीच्या एका गोदामात झाली. मोटारसायकलचा कारखाना त्यांनी बाहेरूनसुद्धा पाहिलेला नाही. पण रविवारी मी गिरगावहून दुखरे गुडघे घेऊन त्यांचा जिना चढून पोचलो, की पाणीसुद्धा न विचारता ते सुरू होतात, “ऐकलंस काय? आफ्रिकेत आता सगळीकडे आपल्याच गाड्या!” एकदा मी वैतागून विचारलं, “दादा, आपण म्हणजे नक्की कोण?” त्यावर ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत म्हणाले, “आपण म्हणजे आपण रे. तू काय जपानचा आहेस?”

तेव्हापासून मी विचारणं सोडलं. या उद्योगाचा इतिहास ते घराण्याचा इतिहास सांगावा तसा सांगतात. नंबर लावून गाडीसाठी वर्षानुवर्षं वाट बघण्याचे दिवस म्हणजे त्यांच्या लेखी घरची गरिबी. मग जपान्यांशी जमलेली सोयरीक, पुढे तिच्यात आलेले रुसवे-फुगवे, मग आपले आपण कमवायला लागलो ते दिवस. टू-स्ट्रोक इंजिन बंद झाल्याचं सांगताना ते आवाज खाली आणतात. मी मान हलवत राहतो. रविवारी दुपारी माणसाला झोप हवी असते, हे या घराण्यात कुणाला ठाऊक नाही.

बाकी त्यांच्या कानाला मी मानतो. चाळीत कुणीही नवी गाडी घेतली, की ती आधी साडूंपुढे उभी करायची, असा रिवाजच पडून गेला होता. चाकाखाली लिंबू, हँडलला हार, हातात पेढे घेऊन गाडीमालक ताटकळत बाजूला उभा. साडू बनियनवर खाली येत, टाकीवर तळवा ठेवत, डोळे मिटत आणि मग गाडी चालू करायला सांगत. सगळा चौक चिडीचूप. बऱ्याच वेळाने निकाल लागायचा. “बरी आहे. पण छातीत कफ आहे हिच्या. पहिल्या सर्व्हिसिंगला सांग.” मग पहिली फेरीही तेच मारून येत. मालकाने तोवर पेढे वाटायचे. घरात बसल्या बसल्या, नाक्यावरून गेलेल्या गाडीची चेन सैल आहे, हेही ते सांगत. आणि ते खरं निघे, हा आणखी एक ताप.

त्यांची स्वतःची गाडी मात्र जुनी, पेट्रोलमध्ये ऑइल घालून चालवायची, निळा धूर सोडणारी. रोज सकाळी आंघोळ झाली की ते ती चौकात उभ्या उभ्या तापवत. कुठे जायचं असो वा नसो. धूर सरळ वर गॅलऱ्यांत चढे. वाळत घातलेले कपडे लोक आत घेत, दारं लोटून घेत. “साडूंचा धूप दाखवून झाला, आता आरती घ्या,” असं शेजारी म्हणत. (चाळीत त्यांना सगळेच साडू म्हणतात, तो माझ्या येण्याजाण्याचा परिणाम.) धूर तपासणाऱ्या गाडीवाल्याने एकदा प्रमाणपत्र नाकारलं, तेव्हा साडूंनी त्यालाच त्याचं मशीन दुरुस्तीला दाखवून आणायला सांगितलं होतं.

त्या धुराच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, ताई खोकत असे. ताई म्हणजे त्यांची बायको. खोकला गेली काही वर्षं होता आणि वाढत होता. दोन गल्ल्या पलीकडच्या गाडीची चेन ऐकणाऱ्या या माणसाला डोक्यावरचा खोकला ऐकू येत नव्हता, याचा मला राग येई. पण मी बोललो नाही. ताईही बोलत नसे. पदर तोंडावर धरून ती आतल्या खोलीत जाई.

शेवटी एका सकाळी तिचा श्वास धड आत जाईना, तेव्हा परळच्या इस्पितळात नेण्याचं ठरलं. मला फोन आला. मी इस्पितळाच्या दारात पोचलो तर साडू ताईला गाडीवरून उतरवत होते. “टॅक्सी नाही का केलीत?” मी विचारलं. ते म्हणाले, “टॅक्सीचे हादरे किती बसतात! आणि आज गाडी चांगली जास्त वेळ तापवली. थंड गाडीवर आजारी माणसाला बसवायचं कसं?” मी ताईकडे पाहिलं. ती धापा टाकत टाकत मला डोळ्यांनीच गप्प बस म्हणाली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि आमच्याइतक्याच दमलेल्या. ताईची छाती तपासून त्यांनी विचारलं, “घरात कोण सिगरेट ओढतं?” ताई म्हणाली, “कोणी नाय.” “उदबत्ती, धूप?” “देवापुरती.” “मग मावशी, रोजचा धूर कुठला? असंच चालू राहिलं तर घरी ऑक्सिजन लावावा लागेल.” ताई आपल्या बांगड्यांकडे बघत बसली. नवऱ्याचं नाव तिने कधी उखाण्याबाहेर घेतलं नव्हतं, ते अशा कामासाठी तर ती मुळीच घेणार नव्हती.  मग साडू म्हणाले, “माझा.”

बाहेर आल्यावर ताई सवयीने गाडीच्या मागच्या सीटकडे वळली. साडूंनी तिचा दंड धरला आणि ते मला म्हणाले, “हिला टॅक्सीने घेऊन जा.” आम्ही घरी पोचलो, तिने तोंड धुतलं, मी तिला औषध दिलं, तरी साडूंचा पत्ता नाही. मी गॅलरीत उभा राहिलो. शेवटी ते आले, गाडी बंद ठेवून, परळपासून ढकलत, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे वाटलं ते आमच्या इतक्या वर्षांच्या नात्यात कधी वाटलं नव्हतं. हा माणूस मला आवडतो, हे मला तेव्हा कळलं.

भंगारवाला आला तेव्हा म्हणाला, “चाचा, चालू करून दाखवा, भाव बरा देतो.” साडू म्हणाले, “नाय. वर माणसं राहतात.” त्यांनी ती शेवटची ऐकलीसुद्धा नाही.

मग बॅटरीची स्कूटर आली. या जातीला ते आजवर मिक्सर म्हणत होते. पहिल्या दिवशी त्यांनी हवेत दोनदा किक मारली. मग गाडी चालू होण्याची वाट बघत नुसतेच बसून राहिले. चालू झालेली आहे, हे वरून चाळीतल्या पोरींनी ओरडून सांगितलं. आता गॅलरीतून वायर खाली सोडून ती चार्ज होते आणि रविवारी मला “आपली बॅटरी” ऐकावी लागते. नव्या गाड्या अजून त्यांच्यापुढे आणतात, बॅटरीच्यासुद्धा. ते तळवा ठेवतात, डोळे मिटतात आणि लगेच उघडतात. “ठीक आहे,” म्हणतात आणि वर जातात. फेरी मारायला आता ते मागत नाहीत.

ताईचा खोकला बराच उतरला आहे. गेल्या रविवारी साडू बाहेर गेले होते. ती मला म्हणाली, “गाडीचा आवाज नाक्यावरनंच यायचा ना, तेव्हा आधण ठेवायचे मी. आता कळतच नाय. एकदम दारात उभे! चहाच नसायचा तयार.”

“मग आता काय करता?” मी विचारलं.

इतक्यात खालून आवाज आला. “इलंय गो!” लग्नापासून ज्यांनी बायकोला चारचौघांत हाक मारली नव्हती, ते साडू चौकात स्कूटरवर बसून अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असे ओरडत होते. मी ताईकडे पाहिलं. ती जागची हलली नव्हती.

“अहो ताई, आले ना ते. आधण?”

“थांबा हो,” ती हळूच म्हणाली. “पहिल्या हाकेला मी उठत नाय. मग परत मारतात.”