उठवलं आणि पुन्हा बसवलं

कोच तोंडाचा वाईटच होता. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कोणी त्याला देवमाणूस ठरवायला नको. मूळचा कोल्हापूरचा, तिथल्या तालीम मंडळांच्या फुटबॉलवर पोसलेला. मैदानात उतरला की अशा शिव्या द्यायचा की कडेला बसलेल्या आम्ही बायका एकमेकींकडे बघायचं टाळायचो. माझा मुलगा मस्कतमधल्या ज्या खाजगी कॉलेजात शिकत होता, तिथल्या टीमला त्याने तीन वर्षं शिकवलं. सरावाला दोन मिनिटं उशीर झाला तरी पोराला गेटवरून परत पाठवायचा. आणि सराव ठेवायचा कधी, तर शुक्रवारी सकाळी सहा ते आठ. दुपारी जुम्म्याची नमाज, म्हणून सकाळ बरी, असं त्याचं म्हणणं. पण इथे सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे चर्चमधली आमची रविवारची मिस्साही शुक्रवारी सकाळीच असते. आम्ही वसईकर ख्रिस्ती त्या एका गोष्टीवरून त्याच्यावर खार खाऊन होतो. मीही होते.

फायनल हरल्यावर आठवड्याभरात कॉलेजने त्याला काढलं. त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी, दुपारच्या जेवणानंतर, अल् घुब्राच्या आमच्या फ्लॅटमध्ये बारा माणसं जमली. मुलांचे पालक, कॉलेजमधून बाहेर पडलेले दोन-तीन जुने खेळाडू, आणि सगळ्यांचे पुढारी म्हणजे चाचा. चाचा रत्नागिरीचे. मस्कतच्या गाला भागातल्या एका मोठ्या गॅरेजचा सगळा कारभार त्यांच्या हातात. टीमची एकही मॅच त्यांनी चुकवलेली नव्हती.

झालं असं होतं की निझवा शहरातलं एक कॉलेज कोचला घ्यायला तयार होतं. तिथल्या खेळाच्या साहेबांनी चाचांना फोन करून विचारलं, पालकांचं काय मत आहे, लेखी कळवा. हा माणूस घेऊ नका असं पत्र सगळ्यांच्या सह्यांनी पाठवायचं, हे चाचांनी आधीच ठरवून टाकलं होतं. त्या पत्राचा अर्थ त्या खोलीत माझ्याइतका कोणाला कळत नव्हता. मी गालातल्या एका कंपनीत व्हिसाचे कागद बघते. निझवा हातचं गेलं असतं, तर महिनाअखेर कोच, त्याची बायको आणि इथल्या इंडियन स्कूलमध्ये सहावीत शिकणारी त्याची मुलगी विमानात बसली असती. असे कॅन्सलेशनचे कागद मी रोज भरते.

बैठक माझ्या घरी का, तर अन्याय माझ्या मुलावर झाला होता. तो टीमचा सगळ्यात चांगला स्ट्रायकर आणि कोचने त्याला फायनलला खेळवलंच नाही. वर सगळ्यांना सांगितलं, सरावाला उशिरा आला, शिस्त मोडली. आमच्या लोकांनी त्याचा अर्थ लावला की पोरगा मिस्सेला गेला म्हणून खुन्नस काढली.

खरं काय होतं ते मला, माझ्या नवऱ्याला, मुलाला आणि कोचला माहीत होतं. बाकी कोणालाही नाही.

फायनलच्या तीन दिवस आधी बाथरूममध्ये काहीतरी पडल्याचा आवाज आला. दार ढकललं तर मुलगा फरशीवर, डोळे पांढरे, अंग ताठ होऊन झटके देतंय. दीड-दोन मिनिटं असतील. मला वाटलं, गेला. डॉक्टरांनी फिट आहे असं सांगितलं, मेंदूची तपासणी करायला लावली आणि रिपोर्ट येईपर्यंत खेळणं, पोहणं, गाडी चालवणं सगळं बंद केलं. घरी येताना गाडीत नवरा म्हणाला, "हे चारचौघांत गेलं नाही पाहिजे. चाचांनी नोकरीचा शब्द दिलाय." ऑगस्टमध्ये मुलाला एकवीस वर्षं पूर्ण होणार होती, त्यानंतर बापाच्या व्हिसावर राहता येणार नव्हतं. चाचांच्या गॅरेजात सुपरवायझरची नोकरी, कंपनीचा व्हिसा, सगळं ठरत आलं होतं. फिट येणाऱ्या मुलाला गाड्यांमध्ये कोण उभं करणार? मी मान डोलावली. नवऱ्यावर खापर फोडायचं नाहीये, मलाही तेच वाटत होतं.

मग मी एकटीच मैदानावर गेले. कोच सामान गोळा करत होता. मी सगळं सांगितलं आणि हात जोडले, मुलाला खेळवू नका, पण कारण कोणाला सांगू नका.

त्याने एक शिवी हासडली. मला नव्हे, नशिबाला असावी. मग म्हणाला, "रिपोर्ट कवा येणार?"

"गुरुवारी. मॅचच्या दिवशी."

"चांगला आला तर सांगा, दुसऱ्या हाफात उतरवतो. न्हाई आला तर बसू दे. कारण माझ्यावर सोडा, वैनी. मला लोक तसंबी शिव्याच देत्यात."

गुरुवारी दुपारी रिपोर्ट आला. दोष होता, गोळ्या लगेच सुरू करायच्या होत्या. तो कागद पर्समध्ये घालून मी संध्याकाळी मॅचला गेले. कोचला सांगायला गेले नाही. मी गेले नाही, म्हणजे तो समजेल, असं मी धरून चालले.

शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा आपण एका गोलने मागे होतो. सगळा स्टँड उभा राहून माझ्या मुलाचा नंबर ओरडत होता. चाचा ओरडत होते, नवरा ओरडत होता, शेजारची बाई माझा दंड धरून म्हणत होती, अहो, तुम्ही गप्प काय? आई गप्प बसलेली दिसली तर लोक काय म्हणतील, या भीतीने मीही उभी राहिले आणि ओरडले, "त्याला घ्या! त्याला घ्या!" अगदी बेंबीच्या देठापासून ओरडले. पर्स छातीशी धरून. कोचने वळून वर बघितलं. मुलाला उठवलं, राखीव खेळाडूंचं ते नारिंगी बिब काढायला लावलं. त्याने पुन्हा एकदा मागे बघितलं, मग काय झालं कोण जाणे, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत बसवलं. स्टँडमधून बाटल्या पडल्या. आपण हरलो.

तर आता माझ्या हॉलमध्ये त्याच माणसाचा न्याय चालला होता आणि मी चहा देत होते.

"तीन वर्षांत दोन फायनल," एक जुना खेळाडू म्हणाला. "त्याच्याआधी आपण पहिल्या फेरीतच बाहेर पडायचो. ते पण बघा ना."

"आणि जिंकला किती?" कोणीतरी विचारलं.

"पोरांचा दम त्यानेच वाढवला."

"उन्हात पळवून! माझा भाऊ दोनदा चक्कर येऊन पडला."

"पण नंतर तोच कॅप्टन झाला ना?"

असं बराच वेळ चाललं. गंमत म्हणजे शिव्या, ऊन, शुक्रवार, सगळ्याला कोणी ना कोणी दुसरी बाजू मांडत होतं. एकाच गोष्टीला कोणाकडेच उत्तर नव्हतं. चाचांनी तीच पत्रात सगळ्यात वर घातली होती.

"रेकॉर्ड राहू दे बाजूला," चाचा म्हणाले. "जवान पोराला हजार माणसांसमोर उठवलान, कपडे काढायला लावलान आणि परत बसवलान. ही इज्जतीची गोष्ट आहे. ह्यात दुसरी बाजू काय असणार? खलास. भाभी, पहिली सही तुमची."

कागद माझ्यासमोर आला. नवरा समोशांची प्लेट घेऊन उभा होता, त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला पेन घ्यावंच लागलं. पेन हातात धरलं आणि त्या सहावीतल्या मुलीची आठवण झाली. मी तिला एकदाच पाहिलं होतं, मैदानाच्या कडेला बसून गृहपाठ करताना. मला घाम फुटला. एसी जोरात चालू होता.

"मला काही सांगायचंय," मी म्हटलं. नवऱ्याने प्लेट टेबलावर ठेवली. "कोचची चूक नाही. मीच त्याला सांगितलं होतं, खेळवू नका म्हणून. मुलाचा... मुलाचा गुडघा दुखत होता."

बघा, किती धीट मी! अर्धं खरं बोलायला गेले आणि उरलेल्या अर्ध्याला तिथेच घाबरले. कोचही वाचेल, नोकरीही वाचेल, असा हिशोब त्या एका क्षणात डोक्यात झाला होता. चाचांचा चेहरा सैल पडला. "गुडघा? मग सांगायचा ना भाभी, त्यात लपवण्यासारखा काय..."

"गुडघा नाही."

आतल्या खोलीचं दार उघडून मुलगा बाहेर आला होता. घरात आमच्याशीही तो अर्धं इंग्रजीत बोलतो. त्या दिवशी चाचांना नीट कळावं म्हणून त्याने मराठीच धरलं, शब्द शोधत शोधत.

"चाचा, मम्मी खोटं बोलते. मला फिट आली होती. बाथरूममध्ये. सरांना माहीत होतं. मम्मीने त्यांना बोलली, कोणाला सांगू नका. त्यांनी प्रॉमिस ठेवला. म्हणून ते... त्यांची जॉब गेली."

मला रडू आलं आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम. चाचांनी थंड झालेला चहा एका दमात संपवला.

"आता गाडी चालवतोस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"चालवू नकोस." मग ते लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेल्या जुन्या खेळाडूकडे वळले. "यल्ला, चल, खोड सगळा. नवीन लिही. तोंड खराब आहे, त्याला समज द्या. शुक्रवारचा टाइम बदला. बाकी कोच म्हणून घ्या."

"आणि ते उठवून बसवलं त्याचं काय?" मॅचला माझा दंड धरणाऱ्या त्या बाईने विचारलं. "खेळवायचंच नव्हतं तर पोराला उठवलं कशाला? ते तर नाटकच झालं ना?"

सगळ्यांनी मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, "माहीत नाही. मला वाटलं, मी खेळणार."

तो मुद्दा तेवढा तसाच राहिला. पत्रातून काढला, पण मनातून कोणाच्या गेला नाही. सही मी पहिली केली. निघताना चाचांनी नवऱ्याच्या हातात हात दिला. नवऱ्याने नोकरीचं विचारलं, तेव्हा म्हणाले, "बघू. इन्शाल्ला." अठरा वर्षं इथे काढल्यावर कुठला इन्शाल्ला होकाराचा आणि कुठला नकाराचा, हे कळतं. तो कंपनीचा व्हिसा आला नाही. ऑगस्ट संपायच्या आत आम्ही मुलाला वसईला दिराच्या घरी पाठवलं. गोळ्या घेतो, एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करतो, पुन्हा फिट आलेली नाही. नवरा त्या शुक्रवारबद्दल अजून माझ्याशी बोललेला नाही. कोच निझव्याला आहे.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीचं. शनिवारी सकाळी मी पत्राची प्रत घेऊन कोचच्या घरी गेले. घर कॉलेजचं होतं, सोडावंच लागणार होतं, त्यामुळे दारापासून खोकी लागलेली. त्याच्या बायकोने मला आत बसवलं. कोच जमिनीवर बसून खोक्याला चिकटपट्टी लावत होता. मला बघून त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, "पोराच्या गोळ्या चालू हायत न्हवं?"

मी हो म्हटलं. पत्र दिलं. त्याने वाचलं, तोंडाबद्दलच्या ओळीवर हसला, घडी घालून खिशात ठेवलं. आभार वगैरे काही नाही. मला खरं तर उठायचं होतं, पण राहवलं नाही. विचारलं, "कोच, एक सांगा. खेळवायचं नव्हतं, तर त्याला उठवलंत कशाला? लोकांनी त्यावरूनच तुमच्यावर एवढा दात धरला."

त्याने चिकटपट्टी खाली ठेवली.

"तुमी वरडलासा म्हणून," तो म्हणाला. "एवढ्या गर्दीत तुमचा आवाज वळखला मी. मला वाटलं, रिपोर्ट चांगला आला. आई सवता म्हणतीया घ्या, म्हणजे आलाच असंल. म्हणून त्याला बिब काढाय लावलं. मग आपलं खात्रीला म्हणून तुमच्याकडं पुन्यांदा बगितलं, तर तुमी मान खाली घातलासा. तवा कळलं."

आत त्याची मुलगी कसलं तरी पाठांतर करत होती.

"आणि मी मान वर ठेवली असती तर?"

त्याने चिकटपट्टी पुन्हा हातात घेतली, तिचं टोक नखाने शोधू लागला.

"तर खेळवला असता की," तो म्हणाला.