कितवा मजला?

आमच्या विद्यापीठातल्या एका सरांना कसलंही आमंत्रण द्या, अगदी लग्नाचं, ते आधी विचारतात, "कितवा मजला?" मला हा नुसता खडूसपणा वाटायचा. आम्ही रॅम्पसाठी घोषणा देऊन घसा कोरडा करायचो आणि हे आमच्या एकाही पत्रकावर सही करायचे नाहीत. हर्सूलहून व्हीलचेअरवर येणाऱ्या आमच्या मैत्रिणीसाठी त्यांनी आपला तास मात्र खालच्या व्हरांड्यात आणला. बाकीचे तास वरच होते, म्हणून ती एम.ए. सोडायला निघाली होती.

यंदा अपंग विद्यार्थ्यांना मदत केल्याबद्दल सरांचा सत्कार ठरला, तोही दुसऱ्या मजल्यावर. वर नाव पुकारलं, तेव्हा सर खाली जिन्यापाशी तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसलेले.

"सर, तुम्ही जा," ती म्हणाली.

"बस गं. आपल्याला घाई नाय."

शिपाई बोलवायला आला. सर म्हणाले, "आम्हाला चढता येत नाय. त्यांना उतरता येतं, म्हणावं."

शेवटी कुलगुरूच शाल-नारळ घेऊन खाली आले. सरांनी शाल घेतली आणि विचारलं, "हिचे बाकीचे तास कितव्या मजल्यावर?"

"दुसऱ्या," तिनंच सांगितलं.

कुलगुरू जिन्याकडं बघत म्हणाले, "उद्यापासून खाली घेऊ."

हे मी पत्रकात छापणार होतो. सर म्हणाले, "थांब. आधी उद्याचा तास होऊ दे."

झाला. तळमजल्यावर.