बघायला, बसायला की वळायला

शालनआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसलो होतो. रविवारची सकाळ, हातात फडकं, पण पुसायचं सोडून चाक आणि त्याच्या वरचा पत्रा यांच्यामधल्या फटीत बोटं घालून ती किती उरलीय ते बघत होतो. तिकडून बाबा म्हणाले, "मन्या, शालन गेली रे… चहा घेत होती, आणि…" आत्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहायची. मी धावत गेलो, दोन मजले चढलो आणि तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो, तेव्हाही माझ्या उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटलेलीच होती. तिने ते पाहिलं असतं तर नक्की म्हणाली असती, "बोटांनी मोजतात का कधी? पट्टी आण."

त्याला आता पाच आठवडे होत आले. आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. आमचे पूर्वज बडोद्याच्या पागेत होते असं आजोबा सांगायचे. घोडे गेले, संस्थान गेलं आणि आमच्या लोकांनी रेल्वे धरली. आत्याचे यजमान प्रतापनगरच्या वर्कशॉपात होते. ते ऐन तिशीत गेले आणि त्यांच्या जागी आत्याला नोकरी मिळाली. आधी ऑफिसात फायली लावायचं काम होतं. त्याचा कंटाळा आला म्हणून तिने स्वतःच अर्ज केला आणि स्प्रिंगांच्या विभागात गेली. डब्याखालची स्प्रिंग यंत्रात उभी करायची, तिच्यावर ठरलेला भार टाकायचा, ती किती दबते ते मोजायचं आणि त्याप्रमाणे तिच्यावर रंगाचा पट्टा ओढायचा. एका रंगाच्या स्प्रिंगा एकत्र जायच्या, मापात न बसणारी बाजूला पडायची. पंचवीसेक वर्षं तिने हे केलं. मापात केसभर फरक असला तरी ती ब्रशला हात लावायची नाही, म्हणून बरोबरचे लोक तिला 'जजबेन' म्हणायचे. चिडवायलाच म्हणायचे, पण तिला ते नाव मनापासून आवडायचं.

मी बडोद्याजवळच्या सावली गावात एका कारखान्यात आहे. शहरातल्या आमच्या समा भागातून सावलीला रोजची ये-जा. त्यासाठी चार वर्षांपूर्वी एक सेकंडहँड गाडी घेतली. गाडी गुणी, पण उभी राहिली की पाण्यातून जाताना पायजमा वर धरलेल्या माणसासारखी दिसायची. चाकावर ही एवढी मोकळी जागा. फोनवर लोकांच्या खाली बसवलेल्या गाड्यांचे फोटो बघून बघून माझं डोकं फिरलं होतं. शेवटी गेल्या वर्षी ठरवलं की स्प्रिंगा बदलून गाडी खाली आणायची. मीनलला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं तर ती म्हणाली, "आधी आत्याला विचार." मी मुद्दामच विचारत नव्हतो. चांगल्या स्प्रिंगा काढून आखूड घालणार म्हटल्यावर जजबेन मला उभा जाळेल याची खात्री होती.

तसं काही झालं नाही. आत्याने चष्मा वर केला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे ती छान दिसावी म्हणून?" मी मान डोलावली. "स्प्रिंग… दिसायला?" तिला हे अजिबात माहीत नव्हतं. "आमच्या डब्याखाली वाकून कोण बघतं? भार किती आणि उंची किती, एवढंच आम्ही बघितलं. स्प्रिंगेमुळे गाडी देखणी होते हे मला कोणी सांगितलंच नाही रे." मग तिने विचारलं, "बरं, तुला नेमकी कशासाठी हवी? बघायला, बसायला की वळायला?" मी म्हटलं, तिन्हीसाठी. त्यावर ती जी हसली ते हसणं मला तेव्हा कळलं नाही.

पुढचे पंधरा दिवस आत्याने सोसायटीत धुमाकूळ घातला. कमरेचा पट्टा आवळून, हातात स्टीलची पट्टी घेऊन ती लोकांच्या गाड्यांपाशी वाकायची आणि चाकावरची फट मोजायची. वाकायची तिला खरं तर मनाई होती. निवृत्तीनंतर तिच्या मणक्यातली एक गादी सरकली होती आणि डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितलं होतं. काही हरवलं की काय असं वाटून वॉचमनने एकदा काळजीने विचारलंही, "बेन, कंई खोवाई गयुं?" ती म्हणाली, "ना भाई, मापुं छुं." संध्याकाळी माझ्याकडे अहवाल यायचा. बी विंगमधल्या वकिलांची गाडी पुढून जास्त उंच, मागून कमी. डॉक्टरीणबाईंची एका बाजूला कललेली, "रोज एकटीच बसते ना ती." मला नुसती एक खाली बसलेली गाडी हवी होती. तिला मात्र अख्ख्या जगात नव्याने बघण्यासारखं काहीतरी सापडलं होतं.

गॅरेजवर ती बरोबर आली. गॅरेजवाले हसमुखभाई म्हणाले, कशाला नवीन स्प्रिंगा, आहेत त्याच एक वेटोळं कापून अर्ध्या तासात देतो, "अडधा कलाकनुं काम." आत्याने त्यांना तिथेच शाळा भरवून ऐकवलं. कापलेली स्प्रिंग आपल्या जागेवर नीट बसत नाही, चाक खड्ड्यात लोंबलं की सुटते, आणि मग गाडीतल्या माणसांचं काय ते विचारूही नका. हसमुखभाईंनी निमूटपणे कपाटातून दोन डबे काढले. एका संचाने गाडी दोन बोटं खाली येणार होती, दुसऱ्याने जेमतेम एक बोट. आत्याने दोन्ही स्प्रिंगा हातात घेऊन तोलल्या, तार किती जाड ते बघितलं, वेटोळी कुठे दाट आणि कुठे विरळ आहेत ते बघितलं. मला म्हणाली, "जितकी खाली, तितकी दबायला जागा कमी. जागा कमी म्हणून ती कडक करावी लागते, नाहीतर खालच्या रबरावर आपटेल. वळणावर तू खूश होशील, गाडी झुकणार नाही. बघायलाही सुंदर. पण बसायला…" आणि तिने एक बोटवाला डबा माझ्यापुढे सरकवला. मी दोन बोटंवाला उचलला. ती म्हणाली, "गाडी तुझी आहे."

इथे शनिवारचं सांगितलं पाहिजे. शनिवारी माझी अर्धी पाळी असते. आत्याची वर्कशॉपातली मैत्रीण मंजुळाबेन निवृत्त होऊन सावलीला राहायला गेली होती. दर शनिवारी जाताना मी आत्याला तिच्याकडे सोडायचो आणि दुपारी घेऊन यायचो. आठवड्यातून एकदा तिचं घराबाहेर पडणं होतं ते एवढंच. बसचे धक्के तिला सोसत नव्हते, रिक्षाचं तर नावच नको. माझी गाडी कडक झाली तर तिचा शनिवार जाणार, हे तिला त्या दुकानात उभं असतानाच कळलेलं असणार. माझ्या डोक्यात ते आलंसुद्धा नाही. माझ्या डोक्यात फोटो होते.

स्प्रिंगा बसल्या. गाडी अशी दिसायला लागली की मी जिन्यात उभा राहून पुन्हा पुन्हा खाली वाकून बघायचो. पहिल्या शनिवारी आत्या बाजूला बसली. वळणावर गाडी रस्त्याला चिकटून गेली, मी उगाचच एक फेरी जास्त मारली. खड्ड्यांवर दणके बसत होते, पण स्टीअरिंग हातात असलं की दणका आधी दिसतो आणि अंग आपोआप सावरतं. मी विचारलं, "काय जजबेन, पास का नापास?" ती समोर बघत म्हणाली, "पास." तिच्या तोंडून तो शब्द काढायला लोकांचा घाम निघायचा, आणि मला तो पहिल्याच फेरीत मिळाला. मी भलताच फुगलो.

तीन महिने असे गेले. एका शनिवारी देखभालीसाठी कारखान्याची वीज बंद होती, म्हणून मला लवकर सोडलं. मी साडेदहालाच मंजुळाबेनच्या दारात पोचलो. आत्या बाहेरच्या खोलीत फरशीवर उताणी पडली होती, गुडघ्यांखाली लोड, कमरेखाली गरम पाण्याची पिशवी, डोळे मिटलेले. मंजुळाबेन तिच्या कपाळावर हात ठेवून बसली होती. मला बघून ती हळूच म्हणाली, "तने खबर नथी, दीकरा? दर शनिवारे आवीने पहेलां आम ज सूई जाय छे. बे कलाक. पछी चा पीए." म्हणजे दर शनिवारी आल्यावर ती आधी दोन तास अशीच पडून राहायची, चहा त्यानंतर. आत्याने डोळे उघडले. चोरी पकडली गेल्यासारखा तिचा चेहरा झाला होता, आणि तो चेहरा माझ्यामुळे झाला होता. मला तिथल्या तिथे रडू आलं, ते मी नळावर जाऊन तोंड धुऊन लपवलं.

परत येताना मी सायकलवाल्यांनाही पुढे जाऊ देत गाडी चालवली. वाटेत विचारलं, "सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "तुझं तोंड बघितलं असतंस ना तू त्या दिवशी… लहानपणी नवे बूट घालून आला होतास माझ्याकडे, तसाच दिसत होतास." मग म्हणाली, "आणि नापास केलं असतं तर तू मला न्यायचं बंद केलं असतंस. काळजीपोटीच केलं असतंस, पण केलं असतंस." थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "उभ्या नोकरीत मी एक खोटा पट्टा ओढला नाही रे मन्या. हा पहिला." ती जरा हसली, पण मला तिच्याकडे बघवलं नाही. आयुष्यभर ज्या बाईचा शब्द लोकांनी मापासारखा धरला, तिला मी माझ्या हौसेसाठी खोटं बोलायला लावलं होतं. त्याची लाज मला आजही वाटते, आणि ती कोणी काढून घ्यावी असंही वाटत नाही.

सोमवारी आम्ही हसमुखभाईंकडे गेलो आणि एक बोटवाला संच बसवला. शॉकॲब्सॉर्बरही त्या स्प्रिंगांना जुळणारे घेतले. आधी नुसत्या स्प्रिंगा बदलल्या होत्या, ती आमची दुसरी चूक होती. गाडी पुन्हा थोडी वर आली. बी विंगचे वकील म्हणाले, "अरे, पाछी ऊंची करी?" मी म्हटलं, हो, इतकीच बरी. पुढच्या शनिवारी निघताना मी आत्याला बजावलं, आज खरं सांगायचंस. ती डोळे मिटून बसली. यंत्रावर काम करताना ती अशीच कान देऊन उभी राहायची, असं मंजुळाबेनने मला सांगितलं होतं. सावली आल्यावर डोळे उघडून म्हणाली, "पास. खरोखर." त्या दिवशी मी कामावर न जाता मुद्दाम तिथेच थांबलो. ती फरशीवर आडवी झाली नाही, पाटावर बसून मंजुळाबेनला मेथी निवडू लागली. माझा जीव भांड्यात पडला. शेवटच्या शनिवारपर्यंत ती येत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा तो फोन आला.

गेल्या शनिवारी मंजुळाबेनला भेटायला निघालो. मीनलला नुकतंच लायसन्स मिळालं आहे. ती म्हणाली, "मी चालवू? मोठ्या रस्त्यावर एकदा तरी?" मी किल्ली दिली आणि दुसऱ्या बाजूने जाऊन बसलो. चार वर्षांत आपल्याच गाडीत मी डाव्या सीटवर कधी बसलो नव्हतो, हे बसल्यावर लक्षात आलं. आणि समा सोडल्यावर दुसरी गोष्ट लक्षात आली. चालवणारा रस्त्याच्या मधल्या बाजूला असतो, तिथलं डांबर गुळगुळीत. डावी चाकं जातात कडेने, आणि कडेला पाइपसाठी खणलेले आणि कसेबसे बुजवलेले चर आहेत. एक संपला की दुसरा, थेट सावलीपर्यंत. समोर हातात धरायला काही नाही, त्यामुळे धक्का सांगून येत नाही. स्प्रिंगा मऊ, शॉकॲब्सॉर्बर नवे, माझी पाठ चौतिशीची आणि धडधाकट, तरी प्रत्येक चर मला मानेपर्यंत कळत होता.

मग तो दुसरा पास? ती मेथी निवडत बसली होती, ते मी समोर बसलो होतो म्हणून? की खरंच तिला बरं वाटत होतं? मंजुळाबेनला विचारता येईल, पण तिनेही आता जजबेनची बाजू घेतली तर मला कसं कळणार? माझ्या मनात हिशेब चालू होता… किती शनिवार, जाता-येता किती चर. थोडा रागही आला होता, तिचा आणि माझा. तेवढ्यात मी मीनलकडे बघितलं. स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं, जिभेचं टोक दातांत, आणि चेहरा असा उजळलेला की लग्नानंतर इतका आनंदी मी तो फार वेळा पाहिलेला नाही. समोरचा ट्रॅक्टर तिने अगदी नीट मागे टाकला. पुन्हा कडेला येताना डावं चाक एका चरातून गेलं आणि माझे दात एकमेकांवर आपटले. रस्त्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "कसं वाटतंय रे? तुझ्या बाजूला फार आदळतंय का?"

मी हात कमरेमागे घातला आणि म्हटलं, "छे, काहीच नाही. चालव तू."