यशवंतरावांचं उघडं दार

यशवंतराव जाधव कुणाच्याही घरी गेले, की आधी विचारायचे, "निकलायचा रस्ता हाच ना?" मग दाराकडे तोंड करूनच बसायचे. चहापाणी त्यानंतर. पाहुणा टेकला नाही तोच जायची भाषा करतो, म्हणून किला गेटजवळच्या आमच्या आळीत सगळे हसायचे. मीही हसलो आहे.

कारण कळल्यावर हसू मावळलं. त्यांचे बाप-आजे ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत. विलीनीकरणात फौज गेली, तसे यशवंतराव मुंबई गाठून आगबोटीवर चढले. ग्वाल्हेरच्या माणसाने समुद्र शोधून काढला, हेच आम्हाला नवल! बोटीच्या पोटात, भट्टीत कोळसा टाकायचं काम. एकदा वाफेचा नळ फुटला आणि लोखंडी दार अडकून बसलं. बाहेरच्यांनी ते फोडेपर्यंत उकळती वाफ यशवंतरावांच्या छातीत शिरली होती.

घरी आल्यावर आजारपणाचा पगार सुरू होता. मग कंपनीने कळवलं, गावच्या सरकारी डॉक्टरांचा दाखला आणा. अपंग ठरले तर भरपाई आणि सुटका. धडधाकट ठरले तर त्याच भट्टीपुढे हजर व्हायचं, नाहीतर काहीच मिळणार नाही. "मास्तर, मी खाली नाही जाणार," ते मला म्हणायचे. "मरण येऊ दे, पण वर, उघड्यावर." हे सांगतानाही नजर दारावर असायची.

आणि हा माणूस डॉक्टरांकडे कसा गेला? वडिलांचा साफा बांधून, मिशीला पीळ देऊन! समोर खाडकन टाचा जुळवून उभा.

"साँस फूलती है?"

"जी नहीं, हुजूर."

"कोई तकलीफ?"

"सब ठीक है, हुजूर."

बाहेर येऊन ते पायरीवर मटकन बसले. माझा हात धरून धापा टाकू लागले. मी चिडून विचारलं, "अहो, खोटं का बोललात?"

"सरकारच्या सामने जाधव रडत नसतात, मास्तर. आजोबांनी गोळी लागल्यावरसुद्धा सलामी दिली होती."

मी कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरांनी लिहिलं होतं, कामास योग्य.

खटपट करून फेरतपासणी मिळवली, पण ती शेवटचीच होती. तोवर मध्य भारत राज्य मोडून राजधानी भोपाळला जायची धांदल उडाली होती. डॉक्टरांचीही बदली ठरलेली. यशवंतराव खाट उंबऱ्याशी ओढून झोपू लागले. झोपेत "खोल, दार खोल" असं ओरडायचे. भिंतीपलीकडे, माझ्या घरात, मला ते ऐकू यायचं.

सखूवहिनी, त्यांची बायको, परक्या पुरुषापुढे कधी बोलायची नाही. फेरतपासणीच्या दिवशी मात्र न विचारता टांग्यात येऊन बसली.

पुन्हा तोच साफा, त्याच टाचा, तेच "सब ठीक है, हुजूर." डॉक्टरांनी लिहायला पेन उचललं.

"डागदरसाब, जरा ठहरिए," कोपऱ्यातून वहिनी म्हणाली. डोक्यावरचा पदर सावरत ती उठली, दार लोटून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

क्षणभर यशवंतराव तसेच ताठ होते. मग श्वास शीळ घातल्यासारखा वाजू लागला. साफा सुटून खाली पडला, ओठ निळे पडले. "सखू, खोल! अगं, खोल!" ते नखांनी भिंत ओरबाडू लागले. मी घाबरून दाराकडे धावलो. वहिनी तसूभर हलली नाही. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती म्हणत होती, "देखिए, साब. अब देखिए."

डॉक्टरांनी धावत जाऊन त्यांच्या छातीला नळी लावली. मग स्वतःच कडी काढली.

भरपाई मंजूर झाली. यशवंतरावांना पुन्हा बोटीवर जावं लागलं नाही. पण साफा त्यांनी परत बांधला नाही, आणि त्या दिवसाबद्दल वहिनीला कधी एक शब्दही बोलले नाहीत. वहिनीने घराचं दार त्यानंतर कधी लावलं नाही. चोराचिलटाची भीती घातली, तर म्हणायची, "येऊन येऊन काय नेणार?"

ते गेले ते पौषात, त्याच छातीने. आमच्याकडची थंडी म्हणजे हाडं फोडणारी. देह ओसरीत ठेवला होता, जमलेली माणसं कुडकुडत होती. कुणीतरी दार लोटायला उठलं.

वहिनीने मान वर केली. "राहू द्या उघडं," ती म्हणाली. "त्यांना अजून निघायचंय."