मॅडमच्या चिठ्ठ्या

जिथं दिवसभर लोकांचं बोलणं ऐकणं हेच काम, तिथले किस्से डब्याच्या पिशवीतून घरी येतात बघा!

आमचं ऑफिस सोलापूरच्या शुक्रवार पेठेत, एकच खोली. मॅडम संशोधनासाठी लेकुरवाळ्या बायकांच्या मुलाखती घेतात. समीना त्या टाईप करते. मी सातवी शिकलेली. चहा करते आणि कागद कापते. एका चिठ्ठीवर एकच वाक्य, सारख्या अर्थाच्या चिठ्ठ्या एका ढिगात, ढीग फरशीवर. तेच काम मॅडम कॉम्प्युटरवर परत करतात आणि दोन्ही ताडून बघतात.

माझी अडीच वर्षांची आरू कोपऱ्यात खेळते. ती अजून एक शब्द बोलत नाही. माझा सगळा जीव तिथं अडकलेला.

*

सोलापूरचा उन्हाळा, पण आमच्यात पंखा लावायचा नाही. चिठ्ठ्या उडतात! बटणाकडे कुणाचा हात गेला की मॅडम ओरडणार, "पंखा बंद!"

एकदा कुरियरवाला घाम पुसत म्हणाला, "लाईट गेली व्हय?"

समीना म्हणाली, "लाईट हाय की, हवा न्हाय!"

*

एकदा कॉम्प्युटरला विचारलं, 'काळजी' हा शब्द सगळ्यात जास्त कोण बोललं? उत्तर बघून समीनानं तोंडाला ओढणीच लावली. मॅडमच! प्रत्येक बाईला, "काळजी करू नका."

मॅडम लई हसल्या. "आता माझीच मुलाखत घ्या!" मग स्वतःचं बोलणं सगळं बाजूला काढून पहिल्यापासून कामाला बसल्या. असलं माणूस मी बघितलं नव्हतं.

*

एक चिठ्ठी होती, "सासू चांगली हाय. काय बोलत न्हाय." समीनानं ती 'आधार' ढिगात ठेवली. मॅडम म्हणाल्या, "रेकॉर्डिंग लाव." 'चांगली हाय' म्हणायच्या आधी ती बाई केवढी गप्प बसली होती! चिठ्ठी 'एकटेपणा'त गेली.

मी धीर करून विचारलं, "मॅडम, माझ्या पोरीचं गप्प बसणं कुठल्या ढिगात?"

त्या 'काळजी करू नका' म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः आम्हाला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. कान चांगले निघाले. "ऐकतेय गं ती सगळं," म्हणाल्या.

*

मग पुण्याहून मोठे सर आले. महिनाभर लावलेले ढीग फरशीवर. "काय उकडतंय हो!" म्हणत सरांनी बटण दाबलं. चिठ्ठ्या पार छताला! मॅडमनी तोंड उघडलं, तोवर कोपऱ्यातून आवाज आला,

"पंखा बंद!"

सरांनी घाबरून बंद केला. समीनाच्या हातातली बशी पडली. मी धावत जाऊन आरूला उचललं.

मॅडम त्या पसाऱ्यातनं चालत बटणापाशी गेल्या आणि आरूच्या तोंडाकडे बघत पंखा परत लावला!