शांताचं बसकर

सोलापुरातल्या आमच्या मुलांच्या सर्जरी वॉर्डात धुतलेल्या चादरी कायम कमी पडायच्या, किस्से कधीच नाही! सत्तरच्या दशकात मी तिथं सिस्टर होते. पाठीच्या कण्यात जन्मतःच फट असलेली मुलं यायची. पायांत बळ कमी, लघवीवर ताबा नाही, दिवसरात्र गळती.

एकदा एक बडे डॉक्टर राउंडला म्हणाले, “ही मुलं कशाला ऑपरेट करता? जगणार किती?”

“जगतील तेवढी कोरडी जगू देत की!” आमचे सर्जन काझी सर म्हणाले.

टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण माझ्या हातात बेडपॅन होतं.

*

मंद्रूपची शांता नऊ वर्षांची. ओल्या परकरापायी शाळेनं घरी बसवलेली. सरांनी तिच्या आईला समजावलं, “आतड्याचा तुकडा घेऊ, किडनीकडून येणाऱ्या नळ्या त्याला जोडू, त्या तुकड्याचं तोंड पोटावर काढू. त्यावर पिशवी. लघवी तिच्यात.”

सोबतची आत्या किंचाळली, “पोटाला भोक? मग लगीन कोण करंल हिच्याशी?”

आई म्हणाली, “वन्सं, तुमचं झालंच की!”

आत्या परत वॉर्डात दिसली नाही.

*

भोक कुठं पाडायचं, ते सर आधी ठरवायचे. पाण्यानं भरलेली पिशवी पोटावर चिकटवून मुलांना बस, ऊठ, वाक करायला लावायचे.

शांता वाकली आणि करवादली, “हितं न्हाय चालायचं! हितं परकराची नाडी येती.”

“मग नाडी वर बांध.”

“नाडी न्हाय सरकायची. भोक सरकवा!”

सरांनी पेनाची खूण पुसली आणि खाली केली.

*

ऑपरेशन झालं, तरी हेडमास्तर तिला घेईनात. मी रजा टाकून मंद्रूप गाठलं, शांताला घेऊन शाळेत गेले. डोकं नुसतं तापलं होतं.

हेडमास्तर म्हणाले, “आज दिवसभर इथं माझ्यासमोर बसकरावर बसू दे. कोरडं राहिलं, तर उद्यापासून वर्गात.”

मी भांडायला तोंड उघडलं, तर शांतानं माझा हात दाबला आणि बसकर अंथरलं. मधल्या सुट्टीत पिशवी रिकामी करून आली, पुन्हा बसली.

शाळा सुटली. पोरं दारात गोळा झाली. शांता काठी टेकत उभी राहिली. हेडमास्तरांनी बसकर उचललं, उलटंपालटं केलं, हात फिरवून पाहिला. कोरडं ठणठणीत!

“बरं. ये उद्यापासून,” ते खुर्चीत टेकत म्हणाले.

शांता जागची हलली नाही. “गुरुजी, आता तुमी उठा की.”

“का गं?”

“तुमची खुर्ची बघू!”