चाकाखालचं लिंबू

समोरच्या अंगणात देसाईंनी घरीच बनवलेल्या विजेच्या गाडीची आज पूजा झाली. नोकरी सोडून तीन वर्षं ते हिच्यातच गुंतले होते. चाकापुढे लिंबू ठेवलं. चावी फिरवताच मोटर घुमली, चाक लिंबाला टेकलं आणि थांबलं. चारदा तेच. शेवटी देसाईंनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

मला खिडकीतून बघवेना. डोंगरापाशी हरलेल्याला निदान डोंगर तरी दाखवता येतो. लिंबापाशी अडलेल्याने कुणाला काय दाखवायचं?

तेवढ्यात त्यांच्या बायकोने लिंबू ओढून अनवाणी टाचेने चिरडलं. "अहो, बघा, गेली की गाडी वरून!"

देसाईंनी आधी कोरडं चाक पाहिलं, मग तिची ओली टाच.

"हो, गेली," ते म्हणाले, आणि चावी काढून तिच्या हातात दिली.